प्रवाळभित्तीवरील जीवांची ओळख रंगावरून नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्तींवरील जीवसृष्टीची पानभर छायाचित्रे पाहून आनंद झाला. सागरी जीवांना मराठी वृत्तपत्रात एवढी जागा क्वचितच मिळते, आणि छायाचित्रेही जवळून टिपलेली, स्पष्ट होती. मात्र त्यांखालच्या ओळी वाचताना वारंवार अडखळायला झाले. नऊ चित्रांपैकी किमान पाचांमध्ये जीवाची किंवा त्याच्या स्थितीची ओळख चुकलेली आहे. केवळ चुका काढण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. मुखवटा आणि श्वासनळी लावून उथळ भित्तींवर तरंगत राहण्याचा मला बऱ्याच वर्षांचा छंद आहे, आणि यांतील बहुतेक चुका मी स्वतः कधी ना कधी केलेल्या आहेत. त्यांतल्या बहुतेकींचे मूळ एकच आहे, ते असे की पाण्याखाली जे दिसेल त्याचे नाव आपण रंगावरून ठरवतो. आणि प्रवाळभित्तीवर रंगाइतका बेभरवशाचा साक्षीदार दुसरा नाही.

पहिल्या चित्रातील शिंगांसारख्या फांद्यांच्या प्रवाळाला ‘समुद्रतळावरची रंगीत वनस्पती’ म्हटले आहे. ही चूक जुनी आहे आणि मोठमोठ्या विद्वानांनी केलेली आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मार्सेयचे वैद्य झाँ-आंद्रे पेसोनेल यांनी प्रवाळाची तथाकथित फुले म्हणजे प्रत्यक्षात प्राणी आहेत असे निरीक्षणांच्या आधारे मांडले, तेव्हा पॅरिसच्या विज्ञान अकादमीतील मान्यवरांना ते पटले नव्हते. आज त्याविषयी वाद उरलेला नाही. प्रवाळ हा समुद्रफूल आणि जेलीफिश यांच्या गोतावळ्यातला प्राणी आहे. त्याच्या वसाहतीतील एकेक जीव, म्हणजे पॉलिप, बहुधा काही मिलिमीटरचाच असतो; तोंडाभोवती स्पर्शकांचे कडे आणि बुडाशी स्वतःच घडवलेला चुनखडीचा पेला एवढाच त्याचा संसार. भित्ती बांधणाऱ्या कठीण प्रवाळांचे स्पर्शक सहाच्या पटीत असतात, तर समुद्रपंखा आणि मऊ प्रवाळ यांच्या पॉलिपांना नेमके आठ स्पर्शक असून प्रत्येकाच्या कडा पिसासारख्या कातरलेल्या असतात. वनस्पती म्हणण्यात थोडे तथ्य आहे ते एवढ्यापुरतेच की, उथळ पाण्यातल्या या प्रवाळांच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल वस्तीला असते, ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला पुरवते, आणि प्रवाळाची तपकिरी किंवा हिरवट छटाही बरीचशी त्या शैवालाचीच असते. थोडक्यात, इथे आपण ज्या रंगावर भिस्त ठेवतो तो बहुतांशी पाहुण्याचा आहे.

प्रवाळाच्या बाबतीत आकार अधिक उपयोगी पडतो. सांबरशिंगांसारख्या फांद्या, मेजासारखा आडवा पसरलेला थर, मेंदूवरच्या वळ्यांसारखे नागमोडी चर असलेला गोळा, किंवा उलट्या ठेवलेल्या अळंबीसारखे, कशालाही न चिकटता तळावर सुटे पडलेले एकटे प्रवाळ, हे प्रकार नवख्यालाही पहिल्याच दिवशी वेगळे करता येतात. मात्र एकाच जातीचे प्रवाळ लाटांच्या माऱ्यात आखूड व दणकट आणि शांत पाण्यात लांब व नाजूक वाढू शकते, त्यामुळे छायाचित्रावरून जात सांगण्याचे धाडस तज्ज्ञही सहसा करत नाहीत. ‘सांबरशिंगी प्रवाळ’ एवढे म्हटले तरी वाचकाला पुरेसे आणि खरे सांगितल्यासारखे होते. एक अपवाद मात्र प्रत्येकाने ओळखावा असा आहे. मोहरीच्या रंगाचे, फिकट टोकांचे, पृष्ठभागावर पेल्यांऐवजी सुईच्या टोकाएवढी छिद्रे असलेले ‘अग्निप्रवाळ’ प्रवाळासारखे दिसते, पण ते खऱ्या प्रवाळांच्या गटातले नाही, आणि हात लागल्यास चटका बसल्यासारखी आग होते. (इथे मी रंगाचा आधार घेतला, हे खरे, पण छिद्रांशिवाय त्या रंगाला किंमत नाही.)

रंग फसवतो त्याचे पहिले कारण खुद्द पाणी आहे. सूर्यप्रकाशातील तांबडा भाग पाणी सर्वांत आधी शोषून घेते, आणि ५ ते १० मीटर खोलीपर्यंत तो जवळजवळ नाहीसा होतो. म्हणूनच दिवसभर कपारीत दडून रात्री बाहेर पडणारे मोठ्या डोळ्यांचे लालभडक ‘सोल्जरफिश’ आणि ‘स्क्विरलफिश’ खाली पोहणाऱ्याला राखाडी दिसतात, आणि तेच कॅमेऱ्याच्या झगझगीत दिव्यात शेंदरी होऊन छापून येतात. पुरवणीतील लाल माशाचे चित्र असेच दिव्याने काढलेले आहे. त्याला ‘भित्तीवर दुरूनही उठून दिसणारा मासा’ असे म्हटले आहे, ते प्रत्यक्षाच्या अगदी उलट होय. त्याच्या लालपणाचा उपयोग लपण्यासाठी होतो.

दुसरे कारण वय आणि लिंग. पुरवणीतील चौथ्या चित्रात गडद निळ्या अंगावर पांढरी वर्तुळे असलेला मासा आहे आणि पाचव्यात पिवळ्या-निळ्या आडव्या पट्ट्यांचा, डोळ्यावर काळा मुखवटा असलेला. दोन्ही ‘वेगवेगळ्या जाती’ म्हणून दाखवल्या आहेत. वस्तुतः दोन्ही ‘एम्परर एंजलफिश’ आहेत. वर्तुळांचा तो पिल्लू, पट्ट्यांचा तो प्रौढ. आपल्या उपसंपादकांना दोष द्यावा असे हे नाही, कारण शास्त्रज्ञांनीसुद्धा एके काळी या दोघांना निरनिराळी नावे दिली होती. पोपटमाशांचे प्रकरण याहूनही गुंतागुंतीचे आहे. त्यांच्यातील पुष्कळ जातींत लहान वयातले मासे व माद्या विटकरी, तपकिरी किंवा करड्या असतात, आणि पुढे त्यांतल्याच काही माद्या नर होऊन हिरव्या-निळ्या झळाळीच्या होतात. रंगावर विसंबले की एकाच जातीचे दोन-तीन मासे होतात. पोपटमासा म्हणून त्यांना ओळखण्याची खूण मात्र आयुष्यभर बदलत नाही: दात एकमेकांत जुळून झालेली पोपटासारखी चोच, आणि शेपटी न हलवता छातीच्या परांनी वल्हवल्यासारखे पोहणे. त्या चोचीने मृत प्रवाळावरचे शैवाल खरवडताना दगड कुरतडल्याचा आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो, आणि खाल्लेल्या चुनखडीची पूड मागून ढगासारखी बाहेर पडताना दिसते. प्रवाळ बेटांच्या पांढऱ्या वाळूचा मोठा वाटा या माशांच्या पोटातून आलेला असतो.

मग पाहावे तरी काय? माझ्या अनुभवात तोंड, पर आणि शेपटीचे बूड या तीन ठिकाणी नजर लावली की निम्म्याहून अधिक मासे आपल्या कुळाचे नाव सांगतात. चपट्या, ताटलीसारख्या, भडक रंगांच्या माशांमध्ये ‘बटरफ्लायफिश’ आणि ‘एंजलफिश’ यांची गल्लत नेहमीची आहे. त्यासाठी कल्ल्याच्या झाकणाच्या खालच्या कोपऱ्याकडे पाहावे. तिथे मागे वळलेला ठसठशीत काटा असेल तर तो एंजलफिश, नसेल तर बटरफ्लायफिश. बटरफ्लायफिशचे तोंड लहान, चिमट्यासारखे पुढे आलेले असते, ते बहुधा जोडीने फिरतात, आणि अनेकांच्या डोळ्यावरून काळी पट्टी जाते. काहींच्या अंगावर मागच्या बाजूला डोळ्यासारखा ठिपकाही असतो, जेणेकरून शिकाऱ्याचा पहिला घाव डोक्यावर बसू नये. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना शस्त्रक्रियेच्या सुरीसारखे धारदार पाते असेल तर तो ‘सर्जनफिश’, मग तो निळा असो, पिवळा असो वा तपकिरी. छातीचे पर आणि शेपटी यांचा फारसा वापर न करता पाठीचा व पोटाकडचा पर डोलवत जाणारा, जाड कातडीचा मासा ‘ट्रिगरफिश’. हनुवटीखाली दोन मिशांनी वाळू चाचपणारा ‘गोटफिश’. इतक्या ढोबळ खुणा आहेत की त्या लक्षात ठेवायला पुस्तकही लागत नाही.

सहाव्या चित्राबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ही गल्लत मलाही फार छळत असे. पाठीवरून लांब पांढरा झुपका मागे सोडलेला, पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा मासा दाखवून खाली ‘मूरिश आयडॉल’ असे नाव दिले आहे. चित्रातील माशाची शेपटी पिवळी आहे. मूरिश आयडॉलची शेपटी काळी असते, त्याचे मुस्कट नळीसारखे लांब असून त्यावर पिवळ्या-नारिंगी रंगाची खोगीर घातल्यासारखी खूण असते. पुरवणीतील मासा ‘बॅनरफिश’, म्हणजे बटरफ्लायफिशच्याच कुळातला आहे, तर मूरिश आयडॉल आपल्या कुळात एकटाच असून नात्याने सर्जनफिशना अधिक जवळचा आहे. पिवळी शेपटी म्हणजे पुन्हा रंगच झाला, असे कोणी म्हणेल. म्हणावे, पण तो कोणत्या भागावर आहे हे आधी पाहिले आहे, आणि मुस्कटाची लांबी त्याला दुजोरा देते.

भित्तीवर नकलाकारही आहेत, आणि नक्कल बहुतेक वेळा रंगाचीच असते. इतर माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खाणारा बोटाएवढा निळा-काळा ‘क्लीनर रास’ एका ठरलेल्या जागी नाचल्यासारखा वरखाली होत गिऱ्हाइकांची वाट पाहतो, आणि मोठमोठे मासे तोंड व कल्ले उघडून त्याच्यापुढे निमूट उभे राहतात. त्याच आकाराचा, त्याच पट्ट्याचा एक ‘ब्लेनी’ या विश्वासाचा फायदा घेऊन जवळ येतो आणि पराचा लचका तोडतो. माशांनाही न उमगणारे हे सोंग माणसाला ओळखता येते ते तोंडावरून. खऱ्या सफाईवाल्याचे तोंड मुस्कटाच्या अगदी टोकाला असते. तोतयाचे खालच्या बाजूला, नाकाखाली दडलेले. तसेच काळ्या-पांढऱ्या कड्यांचा विषारी समुद्रसर्प आणि त्याच्यासारखाच दिसणारा ‘स्नेक ईल’ हा निरुपद्रवी मासा. मी पहिल्यांदा असा ईल पाहिला तेव्हा घाबरून इतक्या वेगाने पाय मारले की एक पायपंखा गमावून बसलो. थोडे थांबून पाहिले असते तर त्याच्या पाठीवरून गेलेला बुटका पर आणि टोकदार शेपूट दिसले असते. समुद्रसर्पाला पर नसतात, अंगावर खवले असतात, शेपूट वल्ह्यासारखे चपटे असते, आणि श्वासासाठी त्याला पृष्ठभागावर यावेच लागते.

सातवे चित्र समुद्रफुलात राहणाऱ्या नारिंगी ‘क्लाउनफिश’चे आहे आणि त्याखाली ‘कॅरिबियन समुद्र’ असे लिहिले आहे. क्लाउनफिशच्या सुमारे तीस जाती आहेत आणि त्या सगळ्या तांबड्या समुद्रापासून हिंदी महासागर व पश्चिम प्रशांत महासागरापर्यंतच सापडतात. अटलांटिकमध्ये एकही नाही. एक तर ठिकाण चुकले आहे, नाहीतर ते चित्र मत्स्यालयातले आहे. ठिकाण हा ओळखीचा किती महत्त्वाचा पुरावा आहे हे यावरून ध्यानात यावे. हवाईच्या भित्तीवर संपूर्ण पिवळाधमक सर्जनफिश दिसला तर तो ‘यलो टँग’. कॅरिबियनमध्ये तसाच पिवळा सर्जनफिश दिसला तर ते ‘ब्लू टँग’चे पिल्लू, जे मोठेपणी निळे होते. हाही नियम डोळे मिटून लावता येत नाही. हिंदी-प्रशांत महासागरातला, पंख्यासारख्या परांचा आणि विषारी काट्यांचा ‘लायनफिश’ १९८५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ आढळला, आणि आता तो कॅरिबियनमध्ये सर्वत्र पसरला आहे. तेथे तो ओळखता येणे स्थानिक माशांच्या दृष्टीने निकडीचे झाले आहे.

प्रवाळ सोडले तर पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांना पुरवणीत एकच चित्र मिळाले, याची खंत वाटते, कारण भित्तीवर त्यांचीच बहुसंख्या असते. तारामासा, भंगुर तारा, पिच्छतारा, सी अर्चिन आणि समुद्रकाकडी हे एकाच घराण्याचे सदस्य असून पाच भागांची रचना ही त्यांची घराण्याची खूण आहे, मग समुद्रकाकडी कितीही दुधी भोपळ्यासारखी दिसो. मेंदूप्रवाळावर चिमुकल्या सुरूच्या झाडांची जोडी दिसते, ती एकाच कृमीची दोन मुकुटे असतात. त्यावर हाताची सावली पडताच ती क्षणात नळीत गडप होतात. आणि आठव्या चित्रातल्या, ‘चपटकृमी’ म्हणून छापलेल्या सुंदर प्राण्याच्या डोक्यावर दोन शिंगे व पाठीवर मागच्या बाजूला कल्ल्यांचा तुरा स्पष्ट दिसतो आहे. तो ‘न्यूडिब्रँक’, म्हणजे कवच नसलेली समुद्रगोगलगाय होय. चपटकृमीला असा तुरा नसतो, आणि तो कागदासारखा पातळ असतो.

शेवटच्या चित्राविषयी मात्र आपण शुद्धिपत्र द्यावे अशी आग्रहाची विनंती आहे. मेजासारख्या प्रवाळाचा एक भाग पांढराशुभ्र दाखवून खाली ‘तापमानवाढीमुळे विरंजन होऊन मेलेले प्रवाळ’ असे लिहिले आहे. यात दोन चुका आहेत. एक तर विरंजन म्हणजे मृत्यू नव्हे. पाणी नेहमीच्या कमाल उन्हाळी तापमानापेक्षा एखाद्या अंशानेच जास्त पण काही आठवडे सलग तापले, की प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकते आणि पारदर्शक पेशींखालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. त्या वेळी प्रवाळ जिवंत असते, उपाशी असते, आणि पाणी वेळेत थंड झाले तर सावरूही शकते. दुसरे, या चित्रात पांढऱ्या भागाची कड नखाने ओढल्यासारखी स्पष्ट आहे, शेजारचा भाग निरोगी आहे, आणि खालच्या कोपऱ्यात काटेरी बाहूंचा एक टवका डोकावतो आहे. तो ‘काटेरी मुकुट’ नावाचा तारामासा असावा. त्याला वीसहूनही अधिक बाहू असू शकतात, काटे विषारी असतात, आणि तो आपले पोट बाहेर काढून प्रवाळावर पसरवतो व पेशी जागच्या जागी पचवतो. मागे उरतो तो उघडा सांगाडा, ज्यावर थोड्याच दिवसांत शैवालाची हिरवट साय धरते. जगभर चौथे मोठे विरंजन चालू असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले, इतका हा प्रश्न गंभीर आहे. म्हणूनच प्रत्येक पांढऱ्या डागावर तेच नाव चिकटवले तर खरे विरंजन कुठे झाले आणि तारामाशांचा उपद्रव कुठे वाढला, हे वाचकाला कळणार नाही. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. तारामासे पाणबुड्यांना हाताने वेचून किंवा टोचून आवरता येतात. तापलेला समुद्र तसा आवरता येत नाही.

ओळख चुकल्याने माणसालाही इजा होऊ शकते. पुरवणीतील लेखात ‘रंगीबेरंगी शंख हातात घेऊन पाहावेत’ असा सल्ला आहे, तो कृपया मागे घ्यावा. नक्षीदार, शंकूच्या आकाराचे ‘कोन’ शंख जिवंत असताना भाल्यासारखा विषारी दात फेकतात, आणि त्यांतील काहींच्या दंशाने माणसे दगावली आहेत. ‘स्टोनफिश’ तर इतका दगडासारखा असतो की रंग, आकार काहीच कामी येत नाही. त्याच्या पाठीवर १३ विषारी काटे असतात. तळावर पाय न टेकणे आणि कशालाही हात न लावणे एवढाच त्यावर इलाज.

पुढील वेळी अशी चित्रे छापताना प्रत्येक चित्राखाली ठिकाण, अंदाजे खोली आणि दिव्याचा वापर केला होता की नाही एवढे द्यावे, आणि जातीविषयी शंका असल्यास ‘बटरफ्लायफिशपैकी एक’ असे कुळापुरतेच लिहावे, ही विनंती. दुसऱ्या चित्रातील कासवाला ‘हिरवे कासव’ म्हटले आहे ते बरोबरच आहे. छायाचित्र मोठे करून पाहिले, तर दोन डोळ्यांच्या मध्ये मोठ्या खवल्यांची एकच जोडी दिसते. ससाण्यासारख्या चोचीच्या ‘हॉक्सबिल’ कासवाला अशा दोन जोड्या असतात.

आपला,
एक नियमित वाचक